वरातीतला नव्हे, दुसरा बँड

(माजी विद्यार्थी मेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी ‘न सुटलेलं वेड’ या सत्रात केलेलं भाषण. स्मरणिकेसाठी थोडं आवरून लिहिलं आहे.)



संयोजकांनी फोन केला तेव्हाच अट घातली होती. दहावीनंतर काय काय केलं ते सांगायचं नाही. कंपनी, पद, परदेश, मुलांचे टक्के, सगळं वर्ज्य. शाळेत असताना लागलेलं आणि अजून न सुटलेलं एखादं वेड असेल तर त्यावर वीस मिनिटं बोल. मी म्हटलं, आहे ना, एका बँडचं आहे. पलीकडून प्रश्न आला, “कोणता गं? वरातीतला?”

त्यात त्याचं काही चुकलं नाही. नागपुरात बँड म्हटलं की लाल कोट, क्लॅरिनेट आणि डोक्यावर ट्यूबलाइट धरलेली माणसं हेच डोळ्यांपुढे येतं. माझा बँड मुंबईचा. १९८४ साली सुरू झाला तेव्हा त्याचं नाव होतं रॉक मशीन. १९९३ मध्ये त्यांनी ते बदलून इंडस क्रीड केलं. इंग्रजीत गाणारा, स्वतःची गाणी स्वतः बांधणारा, भारतीय पोरांचा रॉक बँड. ज्यांनी हे नाव ऐकलंय त्यांनी हात वर करा बघू.

(इथे अकरा हात वर झाले. त्यातले सात आमच्याच ‘ब’ तुकडीचे.)

बघा. म्हणजे आमच्या वर्गाने काम चोख केलं होतं.

आता उरलेल्यांसाठी ओळख करून देते. गायक उदय बेनेगल. गिटारवर महेश तिनईकर आणि जयेश गांधी, बेस गिटारवर मार्क सेल्विन, ड्रमवर मार्क मेनेझिस आणि कीबोर्डवर झुबिन बालापोरिया. नावं ओळीने वाचली की मुंबईतल्या एखाद्या कॉलेजच्या हजेरीपटाचं पान वाटतं. माणसं आधीही बदलली, नंतरही बदलली, पण आम्ही ऐकला तो बँड या नावांचा.

त्या काळी भारतात रॉक वाजवणाऱ्यांकडून लोकांची एकच मागणी असायची. डीप पर्पल वाजवा, पिंक फ्लॉइड वाजवा आणि हुबेहूब वाजवा. रेकॉर्डवर आहे तस्साच गिटारचा तुकडा आला की टाळ्या. तुमचं स्वतःचं गाणं सुरू झालं की पोरं चहा प्यायला बाहेर. लता मंगेशकरांची गाणी म्हणणाऱ्या ऑर्केस्ट्रातल्या मुलीला कुणी विचारतं का, बाई तुझं स्वतःचं एखादं गाणं आहे का? तसंच हे. रॉक मशीनने सुरुवातीला लोकांची गाणी वाजवलीच. पण १९८८ मध्ये त्यांनी ‘रॉक अँड रोल रेनेगेड’ नावाचा स्वतःच्या गाण्यांचा अल्बम काढला आणि १९९० मध्ये ‘द सेकंड कमिंग’. सिनेमाचा आधार नाही, हिंदी नाही, नाचायला सोपा ठेका नाही. यातून पैसे मिळायची शक्यता किती, हे आमच्या गणिताच्या सरांनी तोंडी सांगितलं असतं.

आपल्या धरमपेठेत हे कसं पोचलं? तर छपरांवरून. स्टार टीव्ही १९९१ मध्ये आला आणि पाठोपाठ आपल्या गल्ल्यांत एका गच्चीवरून दुसऱ्या गच्चीवर काळ्या वायरी लटकल्या. माकडं त्यावर झोके घ्यायची आणि चित्र जायचं. त्या वायरीतून एमटीव्ही यायचा. १९९३ च्या मे महिन्यात, सातवीची परीक्षा संपल्यावर, दुपारी घरात सगळे झोपलेले असताना मी ‘प्रिटी चाइल्ड’ हे गाणं पहिल्यांदा पाहिलं. गोऱ्या लोकांच्या रांगेत एकदम आपल्यासारखी दिसणारी माणसं. मला वाटलं, चुकून लागलंय. दुसऱ्या दिवशी पुन्हा लागलं. तिसऱ्या दिवशी मी वडिलांचा टेपरेकॉर्डर टीव्हीच्या स्पीकरला चिकटवून तयार बसले.

ते रेकॉर्डिंग माझ्याकडे अजून आहे. त्यात गाण्याच्या मागे आमचा कूलर चालू आहे. नागपूरचा मे महिना, कूलर बंद करायची सोय नाही. आणि मधोमध, गिटारचा तुकडा जिथे वर चढतो तिथे, माझी आजी म्हणते, “दार लोट गं, झळ येते.” पुढे मी मूळ गाणं नीट, स्वच्छ आवाजात शेकडो वेळा ऐकलं. त्या जागी प्रत्येक वेळी मला काहीतरी राहून गेल्यासारखं वाटतं.

त्याच वर्षी २ सप्टेंबरला लॉस एंजेलिसला एमटीव्हीचा पुरस्कार सोहळा झाला. प्रेक्षकांच्या पसंतीचा आशियासाठीचा पुरस्कार ‘प्रिटी चाइल्ड’ला मिळाला. त्याच रात्री वर्षातला सर्वोत्तम व्हिडिओ ठरला पर्ल जॅमचा ‘जेरेमी’. म्हणजे आमचे लोक त्या मांडवात होते. ही बातमी आमच्या वर्गात कशी आली ते आठवत नाही, पण आली तेव्हा इतिहासाचा तास चालू होता आणि मागच्या बाकावरून आलेल्या चिठ्ठीवर एवढंच लिहिलं होतं: “जिंकले बे!”

ती चिठ्ठी पाठवणारा आपला मित्र आज इथे नाही. २०२१ च्या एप्रिलमध्ये आपल्या गावावर जे गुदरलं त्यात तो गेला. त्याचं नाव मी इथे घेत नाही, कारण घेतलं तर पुढचं बोलता येणार नाही, आणि तुम्हा सगळ्यांना ते माहीत आहे. खरं तर हे सगळं त्याच्यामुळेच झालं. ‘द सेकंड कमिंग’ची ओरिजिनल कॅसेट त्याच्या मोठ्या भावाची. भाऊ इंजिनिअरिंगला होता, त्याने ती कुठून तरी मिळवली होती. आणि त्यांच्या घरी डबल डेक होता! आजच्या पोरांना सांगते, डबल डेक म्हणजे एका बाजूला वाजणारी कॅसेट आणि दुसऱ्या बाजूला भरणारी. गोकुळपेठेच्या बाजारातून कोरी कॅसेट आणून त्याला दिली की तीन दिवसांत भरून मिळायची. पैसे घेत नसे. एका प्लेट तर्री पोह्यांवर काम व्हायचं.

साठ मिनिटांच्या कॅसेटमध्ये सुमारे ८६ मीटर फीत असते आणि ती सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटरच्या आसपास वेगाने सरकते. हे मला खूप नंतर कळलं. तेव्हा एवढंच माहीत होतं की ओरिजिनलवरून भरलेली कॅसेट उत्तम, त्या कॅसेटवरून भरलेली बरी, आणि तिच्यावरून भरलेलीत गाण्यापेक्षा सूंऽऽ जास्त. प्रत्येक पिढीत थोडी धूळ चढत जायची. त्यामुळे वर्गात एक जातिव्यवस्थाच होती म्हणा ना. माझी कॅसेट दुसऱ्या पिढीची. रामनगरहून सायकलवर येणाऱ्या एकीची चौथ्या पिढीची होती, आणि तीच सगळ्यात जास्त ऐकायची.

ओरिजिनल कॅसेटला मात्र फिरायची परवानगी होती, फक्त ऐकायला. ज्याने घरी नेली त्याने कव्हरच्या आतल्या बाजूला पेनने नाव आणि तारीख लिहायची, असा त्याचा नियम. लायब्ररीच्या कार्डावरून सुचलेला. शंकरनगर, शिवाजीनगर, हिलटॉप, अंबाझरी, परत धरमपेठ असा तिचा प्रवास दोन वर्षं चालला.

संगीताच्या बाई समोर बसल्या आहेत म्हणून सांगते. बाई, आठवीत ऑफ तासाला तुम्ही ती कॅसेट जप्त केली होती. आम्हाला वाटलं, संपलं. दोन दिवसांनी तुम्ही ती परत दिलीत आणि म्हणालात, “ऐकली. मुलगा सुरात आहे. पण एवढं ओरडायचं कारण काय?” आम्ही आजवर मिळवलेलं हे सर्वात प्रामाणिक परीक्षण आहे. खरंच, त्या पहिल्या अल्बमांत ओरडणं जरा जास्तच होतं. केसही फार होते. परदेशी बँडची छाप उघड दिसायची. हे तेव्हा कुणी म्हटलं असतं तर आम्ही ट्रॅफिक पार्कच्या भिंतीवर बसून त्याच्याशी तासभर भांडलो असतो. आज म्हणता येतं, आणि तरीही आवडतं.

आता इंग्रजीचं. आपण मराठी माध्यमाची पोरं. आठवीपासून गणित आणि विज्ञान इंग्रजीतून, बाकी सगळं मराठी. गाण्यांतले शब्द आम्हाला कळत नव्हते. टेप थांबवून, मागे घेऊन, पुन्हा ऐकून आम्ही ते दोनशेपानी वहीच्या मागच्या पानांवर लिहून काढायचो. तिघींच्या वह्यांत तीन वेगळी गाणी असायची. एका शब्दासाठी शब्दकोश काढावा, तर तो शब्दच नसायचा, कारण आम्ही दोन शब्दांचा एक केलेला असायचा. पुढे इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला कॉन्व्हेंटच्या मुलींच्या घोळक्यात उभं राहून इंग्रजी बोलायची वेळ आली, तेव्हा घाबरले नाही असं नाही. पण एक गोष्ट मला माहीत होती. ही भाषा बेनेगल आणि तिनईकर आडनावाच्या माणसांनी आपल्या गळ्यातून काढलेली मी ऐकली होती, आणि ती परकी वाटली नव्हती.

मुंबईच्या बँडने इंग्रजीतच का गावं, हा प्रश्न त्यांना जन्मभर विचारला गेला. आम्हालाही विचारला गेला, घरच्या घरी. वडील म्हणायचे, आपल्याकडे काय गाणी कमी आहेत? कमी नाहीत. पण ज्या अरुण कोलटकरांना आपण मराठीतले मोठे कवी म्हणतो, ज्यांनी ‘जेजुरी’ इंग्रजीत लिहिली आणि १९७७ चा राष्ट्रकुल कविता पुरस्कार मिळवला, त्यांनीही सत्तरच्या दशकात स्वतः इंग्रजी गाणी रचून ध्वनिमुद्रित केली होती. पखवाज शिकलेला माणूस. ते मला चाळिशी गाठल्यावर कळलं आणि मी वडिलांना फोन करून सांगितलं. वडील म्हणाले, “मग त्यांचंही कुणी ऐकलं नसेल.” यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आणि खरंच, ऐकणारे थोडेच होते. १९९५ मध्ये बँडचा ‘इंडस क्रीड’ याच नावाचा अल्बम आला. आम्ही तेव्हा दहावीत. आवाज जास्त मोकळा, स्वतःचा झाला होता. ‘ट्रॅप्ड’ आणि ‘स्लीप’ ही गाणी टीव्हीवर लागायची. पण ते वर्ष होतं अलिशा चिनॉयच्या ‘मेड इन इंडिया’चं आणि दलेर मेहंदीच्या ‘बोलो ता रा रा’चं. गणपतीत, गॅदरिंगला, लग्नात तेच. संगीताच्या कंपन्यांना कळलं की सिनेमाशिवायही गाणी खपतात, फक्त ती हिंदीत किंवा पंजाबीत हवीत आणि नाचता आली पाहिजेत. ज्या वाटेवरचं गवत या मुंबईच्या पोरांनी दहा वर्षं तुडवून मोकळं केलं, त्या वाटेवरून दुसऱ्यांच्या गाड्या गेल्या. मला दलेर मेहंदी आवडतो, गैरसमज नको. पण हिशेब लिहायचाच तर असा आहे.

१९९७ मध्ये बँड फुटला. उदय बेनेगल आणि जयेश गांधी न्यूयॉर्कला गेले, तिथे त्यांनी ‘आम्स फॉर शांती’ नावाचा दुसरा बँड केला. आम्ही बारावीत होतो, परीक्षेच्या धाकात. बँड फुटल्याची बातमी आम्हाला कित्येक महिन्यांनी कळली, तीही एका मासिकातून.

त्या मासिकाबद्दल बोलायलाच हवं. ‘रॉक स्ट्रीट जर्नल’. ते मुंबई-दिल्लीतून नव्हे, १९९३ मध्ये अलाहाबादहून निघालं! अमित सैगल या स्वतः बँडमध्ये वाजवणाऱ्या माणसाने ते काढलं. अलाहाबाद म्हणजे आपल्यासारखंच गाव. उकाडा, कोचिंग क्लास, सायकली. भारतभरच्या अशाच गावांतली, गच्चीत बसून गिटार कुटणारी पोरं त्यात दिसायची. आपण एकटे नाही हे सांगायला तेवढं पुरे होतं. आमच्या हातात येणारे अंक बर्डीवरच्या रद्दीच्या दुकानातून, सहा-सहा महिने जुने. सैगल २०१२ च्या जानेवारीत गेले. वर्तमानपत्रात बातमी लहानशी होती. माझ्या ऑफिसमध्ये चौघे जण त्या दिवशी जेवायला गेले नाहीत. एक शिलाँगचा, एक कोचीचा, एक इंदूरचा आणि मी. तोवर आम्हाला एकमेकांची ही ओळख नव्हती. पाच वर्षं एकाच प्रकल्पावर काम करत होतो.

असं नेहमी होतं. या बँडचे लोक अचानक भेटतात. विमानतळावर, मुलीच्या शाळेच्या पालकसभेत. कुणीतरी सहज म्हणतो, आमच्या वेळी एक बँड होता, तुम्हाला माहीत नसेल, आणि नाव घेतो. मग पुढचा तास कुणी कुठे बसलंय याचं भान राहत नाही. अमिताभ बच्चनचा चाहता भेटला म्हणून कुणी मिठी मारत नाही. आमच्यात मारतात.

२०१० मध्ये ते पुन्हा एकत्र आले. उदय, महेश आणि झुबिन जुने. बेसवर रुशाद मिस्त्री आणि ड्रमवर जय रो कवी हे नवे. २०१२ मध्ये ‘इव्हॉल्व्ह’ हा अल्बम आला. त्याचं मिक्सिंग टिम पामर यांचं. पर्ल जॅमच्या ज्या अल्बममध्ये ‘जेरेमी’ आहे, त्या ‘टेन’चं मिक्सिंगही यांचंच. १९९३ च्या त्या रात्री ज्यांच्या शेजारी बसून टाळ्या वाजवल्या असतील, त्यांच्याच माणसाच्या हातून एकोणीस वर्षांनी यांचं काम गेलं. हे मी मैत्रिणीला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, तू नोकरी करतेस की नाही?

त्या सुमारास पुण्यात एका मोकळ्या मैदानावर मी त्यांना पहिल्यांदा प्रत्यक्ष ऐकलं. शाळेत असताना ते शक्यच नव्हतं. मुंबई एका रात्रीवर होती, विदर्भ एक्सप्रेसने, पण तेरा वर्षांच्या मुलीला रॉक ऐकायला मुंबईला कोण पाठवणार? आता मी बत्तीस वर्षांची होते, मुलगी आईकडे सोडून आले होते. आजूबाजूला सगळे आमच्याच वयाचे. पोटं सुटलेली, काहींच्या कानात बोळे, दर अर्ध्या तासाने कुणीतरी घरी फोन लावून “झोपला का?” विचारतंय. बँड नवीन गाणी वाजवत होता, आणि मन लावून वाजवत होता. आणि मागून आरोळ्या येत होत्या, “प्रिटी चाइल्ड! प्रिटी चाइल्ड!”

मला एकदम ते जुनं चित्र आठवलं. पंचवीस वर्षांपूर्वी लोक यांच्याकडे डीप पर्पलची नक्कल मागत होते. आता यांच्याच तरुणपणाची नक्कल मागत होते. आणि ही मंडळी तेव्हाही हट्टाने नवं वाजवत होती, आताही. मी त्या आरोळ्यांत सामील झाले नाही असं सांगायला मला आवडलं असतं, पण माझा घसा दुसऱ्या दिवशी बसलेला होता. चाहत्यांचं प्रेम हे असं असतं. थोडं आंधळं, थोडं आप्पलपोटं. आपल्याला त्यांचं गाणं हवं असतं की आपली सातवीची सुट्टी हवी असते, हे शेवटपर्यंत नीट वेगळं करता येत नाही.

जगात अशी उदाहरणं आणखी आहेत. रॉड्रिगेझ नावाचा अमेरिकेतला गायक. १९७० मध्ये त्याचा ‘कोल्ड फॅक्ट’ अल्बम आला, तिकडे कुणी विचारलं नाही, त्याने बांधकामावर मजुरी केली. दक्षिण आफ्रिकेत मात्र घरोघरी तो ऐकला जात होता आणि त्याला पत्ताच नव्हता. चाहत्यांनी त्याला शोधून काढलं आणि १९९८ मध्ये तो तिथे हजारोंसमोर गायला. त्यावरच्या माहितीपटाला ऑस्कर मिळालं. गोष्ट सुंदर आहे. पण मला त्यात गोड शेवटापेक्षा मधली पंचवीस वर्षं जास्त विचारात पाडतात. आपण ज्यांच्यावर प्रेम करतो त्यांना ते कळवायची काही सोयच नव्हती. आम्ही तर दुसऱ्या-तिसऱ्या पिढीच्या कॅसेटी भरून घेतल्या. त्यातला एक रुपयाही बँडपर्यंत गेला नाही. प्रेम आमचं शंभर टक्के आणि विक्रीच्या आकड्यात आम्ही शून्य.

गेल्या वर्षी मी माझ्या कॅसेटी संगणकावर घेतल्या. जुन्या डेकमधला रबरी पट्टा विरघळून डांबरासारखा झाला होता, तो बदलला. हेड स्पिरिटने पुसलं. मग आवाजाचे सेकंदाला ४४,१०० नमुने या हिशेबाने सगळं उतरवून घेतलं. तेव्हा एक मजा कळली. फीत वर्षानुवर्षं गुंडाळून ठेवली की एका थरावरचा आवाज शेजारच्या थरावर किंचित उमटतो. त्यामुळे शांततेनंतर गाणं दणक्यात सुरू व्हायच्या क्षणभर आधी त्याचीच अगदी पुसट चाहूल ऐकू येते. तेव्हा मला वाटायचं, माझे कान वाजताहेत.

‘प्रिटी चाइल्ड’च्या त्या मे महिन्यातल्या रेकॉर्डिंगमधला कूलर काढायचा मी प्रयत्न केला. सॉफ्टवेअरला नुसत्या खरखरीचा नमुना दिला की ते तेवढं वजा करतं. गाण्याआधी पाच सेकंद निखळ कूलर आहे, म्हणजे नमुना उत्तम. कूलर गेला. पण त्याबरोबर आजीचा आवाजही पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा झाला. मग मी कूलर परत आणला.

राहता राहिलं एक काम, त्यासाठीच खरं तर मी इथे उभी आहे. ‘द सेकंड कमिंग’ची ती ओरिजिनल कॅसेट परत आलीच नाही. नववीच्या दिवाळीच्या सुट्टीत ती कुणाकडे तरी गेली, आणि तिथून पुढचा माग लागत नाही. तिच्या मालकाने कधी तक्रार केली नाही. “असेल कुठे तरी,” म्हणायचा. माझा अंदाज आहे, ती अजून कुणाच्या तरी माळ्यावर, लोखंडी पेटीत, जुन्या राख्या आणि मार्कशीटांबरोबर आहे. पण माळे उरत नाहीयेत. लक्ष्मीभुवन चौकापासून इथपर्यंत चालत या, मोजा किती बंगले राहिलेत. प्रत्येक घर पाडायच्या आधी टेम्पो येतो आणि माळ्यावरचं सगळं भंगारवाल्याकडे जातं. आमचं घर पुढच्या वर्षी पाडताहेत. आईने फोनवर विचारलं, तुझ्या कॅसेटी टाकू का? मी दुसऱ्याच दिवशी तिकीट काढून आले.

फीत खराब झाली असेल, तुटली असेल, तर असू द्या. गाणी माझ्याकडे आहेत. मला ते कव्हर हवंय. त्याच्या आतल्या बाजूला निळ्या आणि काळ्या पेनाने आपली नावं आणि तारखा आहेत, आणि सगळ्यात वर, मालक म्हणून, त्याचं. त्याच्या मुलाने बापाचं शाळेतलं अक्षर पाहिलेलं नाही. वह्या केव्हाच रद्दीत गेल्या. मुलगा आता सोळा वर्षांचा आहे, गिटार शिकतो.

तेव्हा घरी गेल्यावर एकदा पेट्या उघडा. आईवडील फ्लॅटमध्ये राहायला गेले असतील तर त्यांना विचारा, सामान कुठे ठेवलंय. बहिणीच्या सासरी गेलं असेल. सापडलं तर संयोजकांकडे द्या, त्यांचा फोन नंबर स्मरणिकेच्या शेवटच्या पानावर आहे. कुणाकडे इतकी वर्षं का राहिली, हे कुणी विचारणार नाही.